आतली कडी

९ जानेवारी

सिनियर,

तू जीपमध्ये पुढच्या सीटवर बसलीस, बॅग मांडीवर घेतलीस आणि तिची चेन एका झटक्यात ओढून बंद केलीस, त्या क्षणी माझं सगळं बदललं. जीप निघाली तेव्हा नाही, धुळीत दिसेनाशी झाली तेव्हाही नाही. चेनच्या त्या आवाजाला. मी खिडकीशी उभा होतो, पाठ केलेलं एक अख्खं वाक्य तोंडात तयार होतं, आणि तू म्हणालीस, "टाकीचा तिसरा नळ गळतोय, बघून घे."

बघितला. अजून गळतोय.

हे पत्र तू एकटी वाचशील की मुख्य कचेरीतल्या त्या कडक इस्त्रीवाल्याला वाचून दाखवशील, कोण जाणे. खुशाल दाखव. कॉलेजचं दुसरं वर्ष अर्ध्यावर टाकून मी इथे आलो ते निराधारांची सेवा करायला, असं घरी सांगितलं होतं. वडील म्हणाले, "सेवा? स्वतःचं जेवलेलं ताट उचललंयस का कधी?" खरं कारण तुला माहीत होतं आणि आता सगळ्या छावणीला माहीत झालंय. पाण्याच्या रांगेतल्या बायका मला बघितलं की एकमेकींना कोपर मारतात.

तू गेल्यावर छावणीच्या साहेबांनी मला टाकीवरून काढून सुतारकाकांच्या हाताखाली दिलं. काकांना माझं नाव घ्यायचा कंटाळा. "ए कॉलेज, फळी धर." "ए कॉलेज, तो खिळा आहे, कोणाचा गाल नाही. मार की जोरात!"

तिथे पंख्याखाली बसून तुला विसर पडला असेल म्हणून सांगतो. आपली छावणी अजूनही त्याच बंद पडलेल्या काचेच्या कारखान्यात आहे. अजूनही जमीन खणली की काचा निघतात आणि पोरांचे पाय कापतात. डोंगरावरून गोळीबारातून पळून आलेले ते 'वरचे', समुद्र घरात घुसल्यामुळे किनारा सोडून आलेले ते 'खालचे'. आणि तुझी जोडघरं अजून उभी आहेत. नळावर वरचे आणि खालचे बादल्या घेऊन एकमेकांच्या डोक्यात घालत होते, तेव्हा तूच तोडगा काढलास की पत्र्याच्या प्रत्येक खोलीत एक कुटुंब वरचं ठेवा, एक खालचं, मध्ये ताडपत्री आणि दार एकच. एका दारातून ये-जा झाली की बोलायला लागतील. साहेब तेव्हा हसले होते. पण लागले की बोलायला! नळावरची मारामारी थांबली. वरच्यांची तान्ही खालच्या बायका सांभाळतात. तुला मुख्य कचेरीत उचलून नेलं ते काही उगाच नाही.

बातमी अशी की, तू मागून मागून थकलीस त्या कड्या आल्या. आतून लावायच्या, लोखंडी, चांगल्या जाड. खोकंभर आहेत. उद्यापासून मी आणि काका बसवायला घेणार. मी सगळ्यांना सांगणार आहे की या सिनियरने पाठवल्या.

तुझा
(हा शब्द खोडायचा असेल तर खोड.)


१८ जानेवारी

सिनियर,

उत्तर नाही. पिठाचा ट्रक आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि शुक्रवारी, येतो-जातो, टपाल त्यातूनच जातं, म्हणजे दोष टपालाचा नाही. असो. मी रागावलेलो नाही.

रागावलो आहे.

अकरा नंबरच्या मावशी तुला आठवत असतील. वरच्या. मुलीचा हात धरून आल्या होत्या. तू गाव कुठलं, माणसं किती असं विचारत होतीस आणि त्या उलट तुलाच एकच विचारत होत्या, "इथे दार आहे का?" त्यांच्याकडे बंदूकवाले लाथेने दार उघडून आत यायचे. थोरलीला नेलं ते तसंच. धाकटी आता पंधराची आहे. मावशी तिला शौचालयालासुद्धा एकटी सोडत नाहीत.

त्यांच्या दाराला कडी बसवली तर त्यांनी मला हाताला धरून बाहेर काढलं, आतून कडी लावली आणि ओरडल्या, "आता ढकल!"

मी ढकललं.

"जेवला नाहीस का रे? जोर लाव!"

मी खांदा लावला. काका आले, त्यांनी मला "हट, कॉलेज" म्हणून बाजूला केलं आणि स्वतःचा लावला. दार ढिम्म. आणि आतून मावशी हसल्या. त्यांचं हसणं आजवर कोणी ऐकलंच नव्हतं. शेजारचे लोक बाहेर येऊन बघायला लागले की आत कोण आहे.

ताडपत्रीच्या पलीकडे खालचं जोडपं असतं. तो नावाडी. नाव समुद्राने नेली, आता टँकरच्या पाइपावर असतो. बायको मोठ्या स्वयंपाकघरात कांदे-बटाटे चिरते. मी दोघांना दादा-वहिनी म्हणतो. मी कडी ठोकत होतो तेवढा वेळ वहिनी बाहेर उन्हात उभ्या होत्या. म्हटलं, झालं वहिनी, या आत. त्या आल्या नाहीत. कडीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक असेल.

तुझ्या खोलीला कडीची गरज नाही. कारखान्याच्या जुन्या मॅनेजरची ती खोली, जाड लाकडी दार, आत भक्कम खिट्टी. किल्ली माझ्याकडेच आहे. मी झाडून घेतो, खाटेवरची चादर झटकतो, तुझा कप पालथा घालून ठेवलाय. साहेब परवा म्हणाले, किल्ली दे, गोदाम भरलंय, तिथे घोंगड्या ठेवू. मी सांगितलं, मॅडमचं सामान आहे, त्या येणार आहेत.

येणार आहेस ना?


२४ जानेवारी

सिनियर,

चोरी! तू पाठवलेल्या कड्या चोरीला जातायत. मी दिवसा बसवतो, दोन दिवसांनी बघावं तर दाराला नुसती स्क्रूची भोकं. एका खोलीत नाही, ओळीने कितीतरी खोल्यांत. काका म्हणाले, "कारखान्याच्या भिंतीपलीकडे भंगारवाला बसतो. लोखंड म्हणजे लोखंड. पोटाला चिमटा बसला की माणूस चौकटही विकेल."

मी तिरमिरीत नळावर गेलो. नावाडीदादा रांगेत पाइप धरून उभे होते. अकरा नंबरची कडी दुसऱ्यांदा गेली होती आणि त्या खोलीत मावशी कडीला जिवापेक्षा जपतात, मग राहिलं कोण? सगळ्यांसमोर मी विचारलं, "किती मिळाले भंगारवाल्याकडे?"

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. पाइप तसाच धरून ते म्हणाले, "कडीचं मी काय करणार, बाबा? मला दार आहे कुठे?"

रांगेत कोणीतरी हसलं. खालच्यांपैकी कोणी हसलं नाही.

मावशींनी कडीच्या जागी आता तारेचं वेटोळं केलंय. संध्याकाळ झाली की तार चौकटीच्या खिळ्याला पिळून घालतात आणि दाराला पाठ लावून बसतात. बसूनच झोपतात. मुलगी सांगत होती, "दादा, मी म्हटलं मी बसते, तर आई मलाच ओरडली."

तू असतीस तर एका मिनिटात उलगडा केला असतास. मी नुसता बोंबलतो.

एक ओळ लिही. शिवी लिही, चालेल.


२९ जानेवारी

सिनियर,

भंगारवाल्याकडे एकही कडी गेलेली नाही. सगळ्या कड्या स्वयंपाकघरामागे रिकाम्या तेलाच्या डब्यात आहेत. स्क्रूसकट. एकही हरवलेला नाही.

वहिनींनी स्वतः बोलावून दाखवल्या. हातात स्वयंपाकघरातला चमचा होता, टोक पिळवटलेलं. म्हणाल्या, "तू त्यांना चोर म्हणालास. त्यांना यातलं काही माहीत नाही. हे मी काढते. आमच्यातल्या बाकीच्या बायकाही काढतात. कुणी कुणाला सांगितलेलं नाही."

मी म्हटलं, "पण का?" आवाज चढाच होता माझा, तुला माहीत आहे.

त्या खाली बसल्या आणि बटाटे चिरायला घेतले. चिरता चिरताच सांगितलं. समुद्र आला तेव्हा आधी वारा आला. नवरा नाव बांधायला गेला होता. दार आपटत होतं, दोन्ही लेकरं घाबरली होती, म्हणून यांनी आतून कडी घातली. पाणी आलं ते उंबऱ्याखालून. लाकूड फुगलं, कडी अडकली. वर-खाली काही होईना. नवऱ्याने छप्पर फोडून हात घातला तेव्हा त्याच्या हाताला यांचाच हात लागला.

"मीच घातली होती ना कडी," त्या म्हणाल्या. "समुद्राला कुणी सांगितलं नव्हतं आत यायला, मलाही कुणी सांगितलं नव्हतं."

त्यांच्या त्या शेवटच्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. विचारायचं धाडसही झालं नाही. किनाऱ्यावर पुष्कळ घरांत तसंच झालं म्हणे. खालचे लोक दार लोटतात, लावत नाहीत. आपण एवढे दिवस समजत होतो की त्यांना उकडतं.

मी तडक साहेबांकडे गेलो. म्हटलं, जोडघरं सोडवा. वरच्यांना वेगळ्या ओळीत कडीची दारं द्या, खालच्यांना नुसते पडदे द्या. साहेबांनी चहा सांगितला, तेव्हाच मला कळलं की नाही म्हणणार. मार्चमध्ये समिती येणार आहे. जोडघरांची योजना बाकीच्या छावण्यांत न्यायचं चाललंय. "आणि आत्ता मी ती मोडून दाखवू? अरे, त्यावर नाव कोणाचं आहे? तुझ्याच मॅडमचं."

मी चहा प्यालो आणि उठून आलो.

मी तुझ्यासाठी गप्प बसलो, हे तुला कळावं म्हणून लिहितोय. उपकार म्हणून नाही.

बरं, थोडं उपकार म्हणूनही.

दादांची माफी मागायला गेलो होतो. ते म्हणाले, "पाइपाचं तोंड धर जरा, मला तंबाखू मळायची आहे." तेवढंच.


११ फेब्रुवारी

सिनियर,

इथे सगळं ठीक आहे. परवा दुपारी वारा सुटला होता. थोडंफार नुकसान झालं. काही ठिकाणचे पत्रे उडाले.

तुझ्या खोलीत धूळ आली होती, मी पुसली. तुझ्या टेबलावर बसून हे लिहितोय. ड्रॉवरमध्ये तुझी केसांची पिन सापडली, ती मी ठेवून घेतली आहे. परत मागितलीस तर देईन, पण हातात देईन, ट्रकने पाठवणार नाही. कॉलेजच्या जिन्यात तू मला पहिल्यांदा "ए ज्युनियर, वाट सोड" म्हणाली होतीस, ते आज सारखं आठवतंय. मी वाट सोडलीही नव्हती. आपण कधी तरी एकाच गावात राहू का? मोठं घर नको. मला आता फळ्या मारता येतात, पत्रा ठोकता येतो.

काका म्हणतात, "कॉलेज, आज गप्प गप्प? पत्र आलं की काय नकाराचं?" आलं असतं तर बरं, निदान तुझं अक्षर तरी दिसलं असतं.

जास्त काही नाही.


१६ फेब्रुवारी

सिनियर,

मागचं पत्र फाडून टाक. ठीक काही नव्हतं.

वारा सुटला तेव्हा दुपार होती, पण आभाळ असं पिवळंकाळं झालं की लोक दिवे शोधायला लागले. धूळ आणि काचेचा चुरा उडत होता. सगळे मिळेल त्या आडोशाला पळाले. वहिनींची पहाटेची पाळी झाली होती, त्या ताडपत्रीमागे झोपल्या होत्या. मावशी मुलीला ओढत आत आल्या, दार लोटलं, वाऱ्याने ते परत उघडलं. मग त्यांनी तारेला पीळ घातला. चांगला चार-पाच वेळा.

वहिनींना जाग आली ती वाऱ्याच्या आवाजाने. समोर बंद दार.

पुढचं मुलीने सांगितलं, कारण तिथे तीच होती. वहिनी दारावर धावून गेल्या आणि तार उपसायला लागल्या, ओरडत होत्या की पाणी आलं, पाणी आलं. मावशींना वाटलं, बाहेरून कोणी दार तोडतंय. त्या दारावर पडल्या. दोघी एकाच बाजूला, एकाच दाराला, एक उघडायला बघतेय आणि एक बंद ठेवायला. दोघीही ओरडत होत्या आणि एकीलाही दुसरीचं ऐकू येत नव्हतं. तार तुटली, दार वीतभर उघडलं, वहिनींनी फटीत हात घातला आणि मावशींनी अंगाचा सगळा भार देऊन दार लावलं.

उजव्या हाताची दोन बोटं. डॉक्टरीणबाईंनी वाचवायचा प्रयत्न केला. तंबूत जेवढं करता येतं तेवढं केलं. पहिलं आणि मधलं, दोन्ही काढावी लागली.

मी कुठे होतो, विचार. मी तुझ्या खोलीत होतो. खिडकीच्या फटीत कापड कोंबत होतो, तुझ्या पुस्तकांवर धूळ बसू नये म्हणून. ओरडा ऐकू आला होता. मला वाटलं, वाराच आहे.

नावाडीदादांनी त्याच संध्याकाळी अकरा नंबरचं दार बिजागऱ्यांसकट उपसलं. काकांनी त्यांना अडवलं नाही, उलट पेचकस दिला. दादांनी ते दार चार विटांवर ठेवलं, त्यावर गोणपाट घातलं आणि वहिनींना त्यावर झोपवलं. त्या त्याच दारावर झोपतात आता. खोलीला दार नाही. नुसतं भगदाड.

मावशी वहिनींच्या पायाशी येऊन बसल्या होत्या. बांधलेल्या हाताकडे बघत होत्या. वहिनीच म्हणाल्या, "तुम्हाला तरी कुठे माहीत होतं?" तेव्हा मावशी उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

आता त्यांनी ठरवलंय की परत वर जायचं. पिठाचा ट्रक शुक्रवारी रिकामा परततो तेव्हा डोंगराच्या पायथ्यापर्यंत माणसं नेतो. मी म्हटलं, "मावशी, वर अजून गोळीबार चालू आहे. कालच डोंगराकडून आवाज आले."

"येऊ देत."

"मुलीला घेऊन जाताय तुम्ही!"

"इथे काय आहे तिला? भोकाच्या तोंडाशी झोपवू?" मग म्हणाल्या, "आणि दार लावलं तर त्या बाईचा उरलेला हात जाईल. तिथे निदान दार माझं आहे. मोडलं तर माझ्याच अंगावर पडेल."

मुलगी माझ्याकडे बघत होती. काही तरी बोला ना दादा, असं. साहेबांकडे गेलो तर ते म्हणाले, जाणाऱ्याला अडवायचा आपल्याला हक्क नाही, नियम आहे. येत्या शुक्रवारच्या ट्रकमध्ये जागा नाही. त्याच्या पुढच्या शुक्रवारी आहे.

तू काही तरी कर. तुझं ऐकतात तिथे. एक शब्द टाक की अकरा नंबर वेगळं करा. नुसतं अकरा नंबर!


२३ फेब्रुवारी

सिनियर,

तुझं पत्र आलं.

ट्रकवाल्याने पिठाच्या पोत्यांमधून काढून दिलं, वर पांढरे ठसे होते. मी ते उघडलं नाही लगेच. टाकीमागे गेलो, हात धुतले. हसू नकोस. खरंच धुतले.

आठ ओळींचं पत्र आहे आणि मला ते पाठ झालंय. समितीबरोबर तू येतेयस. दोन रात्री राहशील. "माझी खोली साफ करून ठेव, तिथेच उतरेन." तिथपर्यंत वाचलं आणि मी टाकीला टेकलो. चार तारखेला तू इथे असशील. त्या खाटेवर. त्या कपात चहा पिशील. नळ दुरुस्त करायला हवा, हाच विचार पहिला आला, देवाशप्पथ.

मग पुढचं. "अकरा नंबरचं वाईट वाटलं. पण समिती येऊन जाईपर्यंत तो विषय कुठे काढू नकोस. एका घरामुळे सगळी योजना मोडीत निघायला नको, तिच्यावर हजारो घरं अवलंबून आहेत. त्यांना तात्पुरतं दुसरीकडे हलवता आलं तर बघ. तू समजूतदार आहेस."

समजूतदार. आजवर तू मला मूर्ख म्हणालीस, तापट म्हणालीस, एकदा गाढव म्हणालीस आणि मी ते सगळं जपून ठेवलंय. समजूतदार पहिल्यांदाच. मी दिवसभर हा शब्द घेऊन फिरलो. काकांनी दोनदा विचारलं, दात दुखतोय का.

तुझं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. हजारो घरं मलाही दिसतात. ती उघड्यावर राहिली तर काय होईल तेही दिसतं. तुझ्या जागी मी असतो तर कदाचित हेच लिहिलं असतं, तुझ्याएवढं नेटकं नाही, पण हेच.

पण तू वहिनींचा हात कसा आहे ते विचारलं नाहीस. मी पत्र उलटून पाहिलं, मागे काही लिहिलंय का ते.

'तात्पुरतं दुसरीकडे.' कुठे, सिनियर? गोदामात घोंगड्या आहेत. शाळेच्या तंबूला दार नाही. दवाखान्याला दार नाही. साहेबांच्या कचेरीत लोकांची सारखी ये-जा. या अख्ख्या कारखान्यात आतून खिट्टी लागणारं, कोणाच्याही वाट्याला न आलेलं एकच दार आहे, आणि त्याची किल्ली माझ्या गळ्यात आहे. दोरीत अडकवून. अंघोळीलाही काढत नाही.

हे मला आज सुचलं असं समजू नकोस. आधीच सुचलं होतं. साहेबांना "मॅडमचं सामान आहे" म्हणालो तेव्हा नाही, पण मावशी ट्रकचं बोलल्या तेव्हा नक्कीच. मी किल्ली शर्टाच्या आत ढकलली.

शुक्रवार आला की ट्रक आहे.


२७ फेब्रुवारी

सिनियर,

हे पत्र ट्रकने पोचेल तोवर तू निघाली असशील, म्हणून एक प्रत मी फाटकावर ठेवून जाणार आहे. खोलीकडे जाण्याआधी वाच.

खोली मी मावशींना दिली.

सकाळी ट्रक लागला होता. दोघी गाठोडं घेऊन रांगेत होत्या. मुलीने आईची शाल डोक्यावरून घेतली होती, डोळ्यांपर्यंत. वर जाणाऱ्या सगळ्या मुली अशाच बसतात. मी जाऊन म्हटलं, "मावशी, दार आहे."

"कुठलं?"

"लाकडाचं. आत खिट्टी आहे. एकटीचं. ताडपत्रीपलीकडे कोणी नाही."

त्यांनी मला आपादमस्तक बघितलं. "ती तुझ्या त्या बाईची खोली ना? ती आली की काढशील आम्हाला बाहेर."

म्हटलं, नाही.

"तू नाही काढणार. पण तुझं तोंड बघून कळतंय, ती म्हणाली तर तू रडशील आणि आम्ही लाजेकाजेने निघू."

मी गळ्यातून दोरी काढली आणि किल्ली त्यांच्या हातात दिली. "दुसरी किल्ली नाही. माझ्याकडेही नाही. आता मी रडलो काय आणि हसलो काय."

ट्रकवाला हॉर्न मारत होता. मुलगी म्हणाली, "आई," बस, एवढंच. मावशींनी गाठोडं उचललं. ट्रकवर नाही चढवलं.

साहेब धावत आले. माझ्यावर ओरडले, समिती कुठे उतरणार, मॅडमना काय सांगू, तुला हा अधिकार कोणी दिला. मीही ओरडलो. काय ओरडलो ते लिहिण्यासारखं नाही, काका मला मागून कमरेला धरून होते. "अरे कॉलेज, पुरे! जिंकलास ना, आता तोंड आवर." साहेब शेवटी म्हणाले, आजच्या आज छावणी सोड. खोलीचं काय करायचं ते समिती ठरवेल. म्हणजे पाच दिवसांनी मावशींना परत बाहेर काढतीलही. ते मला थांबवता येणार नाही. तुला येईल. म्हणून हे पत्र.

मी समितीला भेटणार आहे. फाटकाबाहेर रस्त्यावर कोणालाही उभं राहता येतं. वहिनी म्हणाल्या, त्यांचा हात दाखवायचा असेल तर त्या येतील माझ्याबरोबर. मी म्हटलं, तुम्ही कशाला? त्या म्हणाल्या, "योजना चांगली आहे रे. ही बाई माझं भांडं घासून द्यायची, मी तिच्या पोरीची वेणी घालायचे. पण दाराचं आम्हाला कोणी विचारलं नाही. तेवढं सांगू." तुझ्यावर त्यांचा राग नाही. मला हे तुला सांगायलाच हवं होतं, कारण माझा आहे. आणि बाकीचं जे काही आहे, तेही अजून आहेच. दोन्ही एकत्र कसं राहतं मला माहीत नाही. डोकं दुखतं.

तुझी खोली आवरली. पुस्तकं, कप, चादर, भिंतीवरचा नकाशा, सगळं खोक्यात भरून काकांकडे ठेवलंय. पिनही त्यात आहे. मावशी दारात उभ्या राहून बघत होत्या, मी खोकी बाहेर काढेपर्यंत त्या आत आल्या नाहीत. मुलगी आली. तिने खिट्टी सरकवली, परत काढली, परत सरकवली. गुळगुळीत होती, आवाज झाला नाही. मग खाटेच्या कडेला बसली आणि डोक्यावरची शाल खांद्यावर घेतली. तिचे केस आखूड कापलेले आहेत हे मला आज दिसलं. कोणी तरी कात्रीने वेडेवाकडे कापलेत. आईनेच असणार.

मावशी आत आल्या. भिंती हाताने चाचपल्या, खिडकीचे गज हलवून बघितले, खाटेखाली वाकून बघितलं. मला वाटलं, आता काही तरी बोलतील. मी तिथेच घोटाळत होतो, चादर तर मीच काढली होती, पण रिकाम्या खाटेकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, "झालं का तुझं?"

"झालं."

"मग जा बाबा. तू इथे असेपर्यंत मला खिट्टी घालता येत नाही."

मुलीने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. मी उंबरा ओलांडला आणि बाहेरून दार ओढून घेतलं.